बायोलॉजिक इंजेक्शन सुरू करताय? वजनाचा आकडा सोबत ठेवा

सोरायसिस या त्वचेच्या आजारासाठी ‘आता बायोलॉजिक सुरू करू’ असं डॉक्टरांनी सांगितलं की रुग्णाचे प्रश्न ठरलेले असतात. किती वर्षं घ्यावं लागेल, दुष्परिणाम काय, बंद केलं तर चट्टे परत येतील का. वजनाबद्दल सहसा कुणी विचारत नाही. विषय निघालाच तर डॉक्टर ‘वजन कमी करा’ म्हणतात, रुग्ण मान डोलावतो आणि बोलणं तिथेच संपतं. खरी गोष्ट राहूनच जाते: ५५ किलोच्या आणि ११५ किलोच्या माणसाला तेच इंजेक्शनचं पेन दिलं, तर दोघांच्या रक्तात औषध सारखं टिकत नाही. कोणतं औषध निवडायचं, किती द्यायचं, किती दिवसांनी द्यायचं आणि फरक कमी पडला तर पुढे काय, या प्रत्येक ठिकाणी हा आकडा आड येतो.

ज्यांचं पहिलं इंजेक्शन अजून व्हायचंय किंवा नुकतंच झालंय, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. डोस ठरवणं आणि बदलणं हे काम डॉक्टरांचंच. तुम्ही मात्र ताजा आकडा आणि नेमके प्रश्न घेऊन गेलात तर ते काम बरंच सोपं होतं.

पायरी १: औषध शरीरात कसं वागतं ते समजून घ्या

बायोलॉजिक म्हणजे जिवंत पेशींकडून बनवून घेतलेली प्रथिनं. गोळी करून गिळली तर पोटात पचून जातील, म्हणून ती इंजेक्शननेच द्यावी लागतात. सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना दाहाचे निरोप पाठवत राहतात. टीएनएफ, आयएल-१७, आयएल-२३ ही अशाच निरोपांची नावं. ही औषधं त्यातला एखादा निरोप मधेच अडवतात. अडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब, एटानरसेप्ट आणि सर्टोलिझुमॅब हा टीएनएफ अडवणारा गट. सेक्युकिनुमॅब, इक्सेकिझुमॅब, ब्रोडालुमॅब आणि बिमेकिझुमॅब ही आयएल-१७ च्या वाटेवरची. गुसेलकुमॅब, रिसानकिझुमॅब, टिल्ड्राकिझुमॅब आयएल-२३ वर काम करतात, आणि उस्टेकिनुमॅब आयएल-१२ व आयएल-२३ अशा दोन्हींवर.

यातली बहुतेक औषधं म्हणजे अँटिबॉडी, परक्या गोष्टीला चिकटून तिला अडवण्यासाठी शरीर बनवतं तशी प्रथिनं. एका अँटिबॉडीचा रेणू मेथोट्रेक्सेट या सोरायसिसच्या जुन्या औषधाच्या रेणूपेक्षा तीनशेहून अधिक पटींनी जड असतो. एवढा मोठा रेणू चरबीत जाऊन मुरत नाही. ‘जाड माणसाचं औषध चरबीत अडकून बसतं’ असं बरेचदा ऐकू येतं, पण या औषधांबाबत ते बरोबर नाही. ती मुख्यतः रक्तात आणि पेशींच्या आजूबाजूच्या द्रवात फिरतात. शरीर मोठं असलं की हा द्रव जास्त असतो, आणि रोज मोडून बाहेर टाकल्या जाणाऱ्या औषधाचं प्रमाणही वाढतं. परिणाम असा की पुढच्या इंजेक्शनच्या आदल्या दिवशी, म्हणजे औषधाची पातळी सर्वांत खाली असते तेव्हा, जड माणसाच्या रक्तात ते बरंच कमी उरलेलं असतं.

आकड्यांत बघा. अडालिमुमॅबचा नेहमीचा डोस ४० मिग्रॅ. ५५ किलोच्या माणसाला तो किलोमागे साधारण ०.७३ मिग्रॅ पडतो, ११५ किलोच्या माणसाला ०.३५. निम्म्याहूनही कमी. म्हणून दुसऱ्याला निम्माच फायदा होईल असं मात्र समजू नका. वजन दुप्पट झालं म्हणून औषध दुप्पट वेगाने बाहेर पडत नाही, आणि बऱ्याच नव्या औषधांचा डोस मुळातच सढळ ठेवलेला असतो.

दुसरं कारण चरबीचंच. पोटाभोवतीची चरबी नुसती साठून राहत नाही. तीसुद्धा टीएनएफ आणि आयएल-६ सारखे दाहाचे निरोप सोडते. म्हणजे औषध कमी पुरतं आणि त्याला अडवायचं काम मात्र जास्त असतं.

तिसरं कारण थोडं आडवळणाचं आहे. औषधाची पातळी वारंवार फार खाली गेली तर शरीर त्या औषधालाच परकं समजून त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करू शकतं. इन्फ्लिक्सिमॅब आणि अडालिमुमॅबमध्ये हे जास्त दिसतं. सुरुवातीला छान लागू पडलेलं औषध वर्षभराने ढिलं पडलं, तर त्यामागे हेही असू शकतं.

पायरी २: वजन नीट मोजा

फार वेळ जाणार नाही, पण टाळू नका. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, कमी कपड्यांत, दर वेळी त्याच काट्यावर. दवाखान्यात मोजत असाल तर बूट काढा, खिशातला मोबाईल आणि किल्ल्या बाजूला ठेवा. ‘साधारण ९५ असेल’ असं तोंडी सांगू नका, कारण पुढच्या पायरीत दिसेल की ९० आणि १०० किलो या रेषांच्या आसपास दोन किलोंनीही निर्णय बदलू शकतो.

उंची आणि कमरेचा घेरही एकदा लिहून ठेवा. उंचीवरून बीएमआय निघतो: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. ३० किंवा त्याहून जास्त म्हणजे लठ्ठपणा, ही जगभर वापरली जाणारी रेषा. आशियाई वंशाच्या लोकांत मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका याहून कमी बीएमआयलाच सुरू होतो, म्हणून त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ या खालच्या रेषाही डॉक्टर लक्षात घेतात. औषधाच्या डोससाठी मात्र बीएमआय नव्हे, सरळ किलोच बघतात.

पायरी ३: तुमचं औषध वजनाशी कसं जोडलेलं आहे ते विचारा

या लेखातला सगळ्यात कामाचा भाग हाच, म्हणून जरा सावकाश वाचा. वजनाच्या बाबतीत औषधांचे ढोबळ चार प्रकार पडतात.

पहिल्या प्रकारात डोस थेट किलोवर ठरतो. इन्फ्लिक्सिमॅब किलोमागे ५ मिग्रॅ या हिशेबाने शिरेतून सलाइनसारखं चढवतात: सुरुवातीला, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, पुढे दर आठ आठवड्यांनी. एका कुपीत १०० मिग्रॅ. ६२ किलोच्या माणसाला ३१० मिग्रॅ लागतात, म्हणजे चार कुप्या उघडाव्या लागतात. १०४ किलोच्या माणसाला ५२० मिग्रॅ, म्हणजे सहा. इथे वजन आधीच हिशेबात धरलेलं असतं, त्यामुळे फार जड रुग्णांसाठी हे जुनं औषध आजही विचारात घेतलं जातं. दर खेपेला वजन नव्याने मोजलं जातंय ना, एवढं बघा. वर्षभरापूर्वीचा आकडा फाइलवरून तसाच उतरवला जाणं अशक्य नसतं.

दुसऱ्या प्रकारात वजनाची एक रेषा आखलेली असते. उस्टेकिनुमॅब हे याचं नेमकं उदाहरण. १०० किलोपर्यंत ४५ मिग्रॅ, त्यापुढे ९० मिग्रॅ; सुरुवातीला, चौथ्या आठवड्यात आणि मग दर बारा आठवड्यांनी. ही रेषा चाचण्यांतून आली. १०० किलोच्या आतल्या लोकांना ४५ आणि ९० मिग्रॅमध्ये फारसा फरक पडला नाही. त्यावरच्यांना ९० मिग्रॅ स्पष्टपणे जास्त लागू पडलं. पण रेषा म्हटली की काठावरच्यांची गोची आलीच. ९९ किलोच्या माणसाला किलोमागे ०.४५ मिग्रॅ मिळतं, १०१ किलोच्या माणसाला जवळजवळ ०.९. तुमचं वजन ९५ ते १०० च्या मधे असेल आणि बारापैकी शेवटचे तीन-चार आठवडे त्रासाचे जात असतील, तर ही गोष्ट डॉक्टरांपुढे स्पष्ट मांडा.

तिसरा प्रकार असा: ठरलेला डोस सगळ्यांना एकच, पण वजन जास्त असेल तर वाढवायची मुभा औषधाच्या सरकारी मान्यतेतच दिलेली. सेक्युकिनुमॅब नेहमी ३०० मिग्रॅ, सुरुवातीला पाच आठवडे दर आठवड्याला आणि नंतर दर महिन्याला. युरोपातल्या मान्यतेनुसार ९० किलो किंवा त्याहून जास्त वजन असेल तर ते दर दोन आठवड्यांनी देण्याचा विचार करता येतो. यासाठी ९० किलो व त्यावरच्या रुग्णांवर वेगळी चाचणी झाली होती. सोळाव्या आठवड्यात चट्ट्यांत ९० टक्के किंवा जास्त सुधारणा, दर दोन आठवड्यांनी घेणाऱ्यांपैकी सुमारे ७३ टक्क्यांत दिसली. दर चार आठवड्यांनी घेणाऱ्यांपैकी सुमारे ५५ टक्क्यांत. टिल्ड्राकिझुमॅबचा नेहमीचा डोस १०० मिग्रॅ, पण ९० किलोच्या पुढे किंवा आजार फार पसरलेला असेल तर युरोपात २०० मिग्रॅचा पर्याय आहे. बिमेकिझुमॅबला ही रेषा १२० किलोवर आहे: एरवी सोळाव्या आठवड्यानंतर ते दर आठ आठवड्यांनी घेतात, १२० किलो किंवा वर असेल तर दर चार आठवड्यांनी चालू ठेवता येतं. अमेरिकेतल्या मान्यतेत सर्टोलिझुमॅबचं गणित उलटीकडून मांडलंय. तिथे नेहमीचा डोस मोठा, आणि ९० किलोच्या आतल्यांना कमी डोस चालू शकतो.

चौथ्या प्रकारात सगळ्यांना एकच डोस आणि वजनाप्रमाणे बदल नाही: गुसेलकुमॅब १०० मिग्रॅ, रिसानकिझुमॅब १५० मिग्रॅ. जड रुग्णांत यांचाही परिणाम थोडा उतरतो, पण मुळात यश जास्त असल्याने उरतं तेही चांगलं असतं. रिसानकिझुमॅबच्या माहितीपत्रकात १३० किलोच्या पुढे परिणाम कमी होऊ शकतो असं नमूद आहे. तशा रुग्णांची संख्या कमी असल्याने डोस बदलायची शिफारस मात्र नाही. एटानरसेप्ट आणि अडालिमुमॅबसुद्धा ठरलेल्या डोसचीच औषधं, पण वजनाचा फटका त्यांना जास्त बसतो. अडालिमुमॅब सोळा आठवड्यांत पुरेसं लागू पडलं नाही तर ते दर आठवड्याला ४० मिग्रॅ किंवा दोन आठवड्यांनी ८० मिग्रॅ करण्याची सोय युरोपीय मान्यतेत आहे.

देशोदेशीचे नियम वेगळे, विमा कंपन्यांचे आणखी वेगळे. एका देशात मान्य असलेला वाढीव डोस दुसरीकडे ‘मान्यतेबाहेरचा’ ठरू शकतो. त्यामुळे वर वाचलेले आकडे हुकूम म्हणून डॉक्टरांपुढे ठेवू नका. ‘माझं वजन आज इतकं आहे, या औषधात त्याचा फरक पडतो का, आणि कमी पडलं तर वाढवायची सोय आहे का?’ एवढं विचारा. पहिल्याच भेटीत विचारलेलं बरं, कारण औषध निवडून झाल्यावर या उत्तराचा उपयोग निम्मा होतो.

वजन कमी असलेल्यांनाही एक शंका येते: ‘मला जास्त तर होत नाही ना?’ बऱ्याच मोठ्या चाचण्यांत रुग्णांचं सरासरी वजन ९० किलोच्या आसपास होतं, त्यामुळे ५० किलोच्या व्यक्तीला किलोमागे जास्त औषध मिळतं हे खरं. त्यामुळे बिघडतं असं सहसा दिसत नाही. उलट त्वचा लवकर आणि पूर्ण स्वच्छ होण्याची शक्यता वाढते. काही निवडक रुग्णांत, त्वचा बराच काळ पूर्ण स्वच्छ राहिल्यावर, डॉक्टर दोन डोसमधलं अंतर वाढवून पाहतात. ते त्यांच्या देखरेखीखालीच करायचं. आपल्या मनाने एखादं पेन ‘वाचवणं’ हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे.

पायरी ४: आधीच्या तपासण्यांत वजनाशी जोडलेल्या गोष्टीही करून घ्या

क्षयरोगाची तपासणी, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, रक्तातल्या पेशी, यकृताच्या चाचण्या, छातीचा एक्स-रे, राहिलेल्या लसी. ही नेहमीची यादी डॉक्टर स्वतःच देतात. जिवंत विषाणूची लस घ्यायची असेल तर ती औषध सुरू होण्याच्या पुरेशी आधी, कारण नंतर ती टाळतात.

वजन जास्त असेल तर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि यकृतावरची चरबी हेही बघून घ्या. सोरायसिस असलेल्यांत हे सगळं मुळातच जास्त आढळतं. यकृतावर चरबी असेल तर मेथोट्रेक्सेट देताना डॉक्टर हात आखडता घेतात, आणि बायोलॉजिककडे लवकर वळण्याचं ते एक कारणही ठरतं. हृदय कमजोर असल्याचं आधी कुणी सांगितलं असेल तर ते लपवू नका. टीएनएफ गटातली औषधं अशा वेळी सहसा टाळतात. आतड्याचा दाहाचा आजार असेल तर आयएल-१७ गट टाळतात.

पोटाच्या वळ्या, स्तनांखालची जागा, जांघा तपासायला लाज वाटते म्हणून बरेच जण तिथलं बोलतच नाहीत. घड्यांमधला सोरायसिस कोपरावरच्यासारखा पांढरे पापुद्रे धरत नाही. तो लाल, चकचकीत, ओलसर दिसतो आणि त्यावर बुरशी चढली तर दोन्ही ओळखणं कठीण होतं. आयएल-१७ अडवणाऱ्या औषधांनी कॅन्डिडा बुरशीचा त्रास वाढू शकतो, त्यात मधुमेह असेल तर आणखी. म्हणून औषध सुरू होण्याआधीच त्या जागा एकदा दाखवून ठेवा.

पायरी ५: वजन उतरेपर्यंत उपचार पुढे ढकलू नका

‘आधी दहा किलो कमी करतो, मग इंजेक्शन घेतो’ असं ठरवून दोन-दोन वर्षं अंगभर चट्टे घेऊन बसणारे लोक असतात. मला हे पटत नाही. सांधे दुखत असतील तर तेवढ्या वेळात सांध्यांची कायमची झीज होऊ शकते. तळपाय फुटलेले, जांघेत जळजळ, घाम आला की आग. अशा अवस्थेत चालायला जा म्हणणं सोपं, जाणं अवघड. त्वचा शांत झाली की हालचाल आपोआप वाढते. दोन्ही कामं एकाच वेळी सुरू करा, आणि त्यात औषध आधी लागलं तर बिघडत नाही.

डॉक्टरच वजनाकडे बोट दाखवून उपचार लांबवत असतील, तर दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञाचं मत घ्यायला संकोचू नका. जास्त वजन हे औषध नीट निवडण्याचं कारण आहे. न देण्याचं नाही.

पायरी ६: इंजेक्शन टोचताना

पोट आणि मांडीचा पुढचा भाग या सोयीच्या जागा. दंडाच्या मागे दुसऱ्या कुणी टोचून दिलं तर चालतं. बेंबीभोवती चार बोटं जागा सोडा. चट्ट्यावर, व्रणावर, त्वचा ताणून पडलेल्या पांढऱ्या रेषांवर टोचू नका. दर वेळी जागा बदला. पोटावर चरबी जास्त आहे म्हणून औषध ‘आत पोचणार नाही’ ही भीती सोडा, ते त्वचेखालच्या चरबीच्या थरातच द्यायचं असतं. सडपातळ माणसाने मात्र तयार सिरिंज वापरताना त्वचेची चिमूट धरावी, नाहीतर सुई स्नायूत जाऊ शकते.

पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. टोचण्याआधी माहितीपत्रकात दिलाय तेवढा वेळ, साधारण अर्धा तास, बाहेर काढून ठेवा; गार औषध जास्त झोंबतं. पेन दाबल्यावर खिडकीतला रंग पूर्ण सरकेपर्यंत उचलू नका. औषधाचा थेंब बाहेर ओघळून डोस अर्धवट गेला आणि दोष वजनाला लागला, असंही होतं.

पायरी ७: शेवटच्या पंधरवड्यावर लक्ष ठेवा

वही घ्या किंवा मोबाईलवर लिहा, पण लिहा. तारीख, वजन, खाज दहापैकी किती, कुठे नवीन चट्टा, सकाळी सांधे किती वेळ आखडलेले. महिन्यातून एकदा त्याच उजेडात, त्याच अंतरावरून चार फोटो: दोन्ही कोपरं, गुडघे, पाठ, टाळूची कड.

यातून जे कळायला हवं ते असं. बारा आठवड्यांनी इंजेक्शन असलेल्या माणसाची नोंद समजा अशी दिसते:

आठवडा ३: खाज १. कोपर गुलाबी, सपाट.
आठवडा ८: खाज १. पापुद्रा नाही.
आठवडा १०: खाज ४. डाव्या कोपराला हात लावल्यावर खरखर.
आठवडा १२: खाज ६. दोन्ही कोपरं, कानामागे पापुद्रे.
इंजेक्शननंतरचा आठवडा २: खाज २.

औषध लागू पडतंय, पण पुढच्या डोसपर्यंत पुरत नाही, असा याचा अर्थ. वजन जास्त असलेल्या माणसात ही नोंद फार बोलकी असते, आणि तिच्यावर डॉक्टरांना काही करता येतं: अंतर कमी करणं, डोस वाढवणं किंवा औषध बदलणं. याउलट खाज पहिल्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत सहावरून हललीच नाही, तर तो वेगळा प्रश्न. तिथे नुसता डोस वाढवून फारसं साधत नाही, बहुधा दुसऱ्या गटातलं औषध लागतं. ‘फरक नाही’ या दोन शब्दांत या दोन्ही गोष्टी एक होऊन जातात, म्हणून वही.

पायरी ८: सोळाव्या आठवड्याची भेट

बहुतेक औषधांचा पहिला निकाल बारा ते सोळा आठवड्यांनी बघतात. डॉक्टर ‘पासी’ नावाचे गुण काढतात: लाली, जाडी, पापुद्रे आणि व्याप यांवरून शून्य ते ७२. ‘पासी ९०’ म्हणजे सुरुवातीपेक्षा ९० टक्के सुधारणा. व्याप टक्क्यांत मोजला जात असल्याने माणूस मोठा की लहान याने गुण बदलत नाहीत. घरी अंदाज घ्यायचा तर बोटांसकट तळहात म्हणजे अंगाचा सुमारे एक टक्का धरतात; फार जड माणसात तो एक टक्क्याहून जरा कमी भरतो.

या भेटीत सुधारणा अर्धवट असेल तर क्रमाने बोला. डोस चुकले का? टोचताना गडबड? सुरुवातीपासून वजन किती बदललं? औषधाची रक्तातली पातळी आणि त्याविरुद्धच्या अँटिबॉडी तपासायची सोय आहे का? (ही सोय मुख्यतः टीएनएफ गटातल्या औषधांसाठी, आणि सगळीकडे नसते.) सोबत कमी डोसात मेथोट्रेक्सेट द्यायचा विचार आहे का? मग डोस किंवा अंतर बदलण्याचा प्रश्न. वजन वाढल्याने मी स्वतः औषध वाया घालवलं, अशी भाषा मात्र मनातूनसुद्धा काढून टाका. डोस कमी पडणं हे मोजमापाचं गणित आहे.

पायरी ९: वजन उतरवायचं तर कशाची अपेक्षा ठेवायची

वजन कमी केल्याने सोरायसिस बरा होतो, असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. वजन कमी केल्याने औषध जास्त चांगलं लागू पडतं, याला मात्र आधार आहे. कुवेतमध्ये बायोलॉजिक घेणाऱ्या लठ्ठ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. आहार नियंत्रणाच्या गटात चोवीस आठवड्यांत सरासरी तेरा किलोच्या आसपास वजन उतरलं आणि सुमारे ८६ टक्के लोकांत ७५ टक्के किंवा जास्त सुधारणा दिसली. नुसतं औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ५९ टक्के होतं. डेन्मार्कमधल्या २०१३ च्या एका लहान चाचणीत सोळा आठवडे कमी उष्मांकाचा आहार घेणाऱ्यांचं वजन दुसऱ्या गटापेक्षा पंधरा किलोंनी जास्त उतरलं, तरी चट्ट्यांच्या गुणांतला फरक माफकच होता. रोजच्या जगण्यातला त्रास मात्र नक्की कमी झाला. अमेरिकेतल्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनने २०१८ मध्ये जास्त वजनाच्या रुग्णांना कमी उष्मांकाच्या आहाराची ठाम शिफारस केली. वजन जास्त नसेल तर उपासमार करून सोरायसिसला काही फायदा नाही.

सुरुवातीला पाच टक्के हे ध्येय पुरे. सोरायसिसचा सांध्यांचा आजार असलेल्या आणि टीएनएफ गटातली औषधं घेणाऱ्या लोकांत पाच टक्के वजन उतरल्यावरही आजार आटोक्यात येण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलंय. १०० किलोच्या माणसाला पाच किलो. एवढं जमण्यासारखं असतं.

एक विचित्र गोष्ट माहीत असू द्या: टीएनएफ अडवणाऱ्या औषधांनी काही जणांचं वजन काही महिन्यांत थोडं वाढतं. आयएल-१७ आणि आयएल-२३ गटांत सहसा तसं होत नाही. तुम्ही आधीपासून काटेकोर राहूनही तीन किलो वाढले असतील तर स्वतःला बोल लावण्याआधी औषधाचा गट कोणता ते बघा, आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. भूक कमी करणारी नवी इंजेक्शनं किंवा पोटाची शस्त्रक्रिया यांचा निर्णय मधुमेह आणि वजनाच्या निकषांवर होतो. ते चालू असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला माहिती द्या, कारण वजन झपाट्याने खाली आलं की डोसचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. १०४ वरून ९६ वर आलात म्हणून उस्टेकिनुमॅबचा डोस लगेच अर्धा करायची घाई सहसा कुणी करत नाही. त्वचा कशी आहे हे बघून ठरतं.

मुलांचं सगळंच वेगळं. त्यांच्यात जवळजवळ प्रत्येक औषधाचा डोस वजनावर असतो. सेक्युकिनुमॅब ५० किलोखाली ७५ मिग्रॅ. उस्टेकिनुमॅब ६० किलोखाली किलोमागे ०.७५ मिग्रॅ. वाढत्या वयात सहा महिन्यांत रेषा ओलांडली जाते, म्हणून दर भेटीत काटा.

पायरी १०: वजन स्वतःहून हललं तर

बायोलॉजिक चालू असताना प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर खूश होऊन बसू नका. सोबत रात्री घाम, बारीक ताप, आठवडे टिकणारा खोकला असेल तर क्षयरोग तपासायला हवा. टीएनएफ गटात ही काळजी सर्वांत जास्त. आयएल-१७ गटातलं औषध घेताना जुलाब, पोटात कळा, शौचात रक्त आणि वजनात घट असेल तर आतड्याचा दाह आहे का ते बघावं लागतं.

उलट चार-पाच दिवसांत दोन-तीन किलो वाढले, संध्याकाळी मोज्याची खूण पायावर खोल उमटायला लागली, जिना चढताना धाप लागते किंवा आडवं झालं की श्वास अडतो, तर ही चरबी नव्हे, अंगात साठलेलं पाणी असू शकतं. पुढचं इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा, आणि बसल्या जागी धाप लागत असेल तर फोनवर न थांबता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.